झिजलेला सॅक्सोफोन पारखताना

लग्नसराई आटोपून चातुर्मास लागला की मराठवाड्यातील बँड पथकांची वाद्ये पेटीत जातात आणि त्यांतली काही विक्रीस निघतात. जालना, परभणी किंवा नांदेडच्या एखाद्या पथकाकडे लॅकर म्हणजे पितळावरील चकचकीत लेप उडालेला, काळपटलेला सॅक्सोफोन दिसला की शेजारच्या चकचकीत नव्या वाद्यापेक्षा वादकाचा हात आधी त्याच्याकडेच जातो. ही ओढ मला मनापासून पटते. मात्र खरेदी करताना तिला थोडे शिक्षण द्यावे लागते.

या ओढीचे मूळ इतिहासात आहे. सेल्मर कंपनीचे 1954 साली आलेले ‘मार्क सिक्स’ किंवा अमेरिकेतील एल्खार्ट येथे घडलेले कॉन कंपनीचे जुने सॅक्सोफोन वादक आजही मानाने वाजवतात, आणि अनेक दशकांच्या वापराने ते झिजलेले असल्यामुळे झिजलेले रूप व उत्तम आवाज यांची सांगड मनात पक्की बसली आहे. प्रत्यक्षात आवाज घडतो तो नळीच्या आतील आकाराने, मानेने (वरच्या वाकड्या नळीने), माउथपीसने (तोंडात धरायच्या भागाने), त्यावरील रीडने (वेताच्या पातळ पट्टीने) आणि वादकाच्या फुंकीने. लॅकर असण्या-नसण्याचा वाटा त्यापुढे फारच थोडा. म्हणून झीज ही आवाजाची हमी न मानता वाद्याचा पूर्वेतिहास म्हणून वाचावी.

ती वाचण्यासाठी वाद्य दिवसाच्या उजेडात न्यावे. खरी झीज हात लागतो तेथेच असते: उजव्या अंगठ्याच्या आधारापाशी, डाव्या तळव्याखालील चाव्यांवर आणि वादकाच्या कपड्यांना घासणाऱ्या बाजूवर. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल, तर तो मुद्दाम आणलेला असू शकतो. त्याहून अधिक सावध राहावे ते चकाकणाऱ्या जुन्या वाद्यापासून. माझा पहिला सॅक्सोफोन असाच सोन्यासारखा झळकत होता. त्यावरील कोरीव वेलबुट्टी आणि क्रमांक बोटाला जेमतेम जाणवत होते. पॉलिशच्या चाकावर घासून त्याचे पितळ पातळ झाले होते आणि स्वरछिद्रांच्या कडा इतक्या खालीवर झाल्या होत्या की ती मिटवणारे नवे पॅड (चाव्यांखालच्या चामडी गाद्या) घालूनही खालचे स्वर कधी नीट लागले नाहीत. कोरीवकाम धारदार असलेले डागाळलेले वाद्य त्यापेक्षा शतपटीने बरे.

डागांतही फरक असतो. काळा किंवा तपकिरी थर निरुपद्रवी असतो आणि हिरवट पूड बहुधा पुसता येते. गुलाबी-लालसर ठिपके मात्र पितळातील जस्त निघून जाऊन तांबे उरल्याचे लक्षण होय. लाळेचा ओलावा साचणाऱ्या मानेत ते आतून बाहेर आलेले दिसले, तर वाद्य परत ठेवावे.

मान बाजूने पाहावी. ती खाली वाकलेली असेल, तर वरचे स्वर बिघडतात. नंतर अंधाऱ्या खोलीत छोट्या दिव्यांची माळ नळीत सोडून चाव्या हळुवार मिटाव्यात. पॅडच्या कडेने उजेड झिरपला, तर तेथून हवाही गळणार. चाव्या बोटांनी आडव्या हलवून दांड्यांतील खेळ तपासावा आणि अखेरीस सर्वांत खालचा स्वर अगदी मंद फुंकीने वाजवून पाहावा. विसाव्या शतकाच्या आरंभीचे वाद्य असेल, तर त्यावर ‘एच’ (हाय पिच, चढी पट्टी) किंवा ‘एल’ (लो पिच, उतरती पट्टी) हे अक्षर शोधावे. ‘एच’ खुणेच्या वाद्याची पट्टी अर्ध्या सुराच्याही अर्ध्याहून अधिक चढी असते, त्यामुळे ते आजच्या हार्मोनियमशी कधीच जुळत नाही. पॅडचा पूर्ण संच बदलण्याचा खर्च कारागिराला आधी विचारून तो किमतीत धरावा.

घरी आणल्यावर देवघरातील पितळेप्रमाणे त्याला चिंच-मीठ लावू नये; आंबट पाणी पोलादी स्प्रिंगांना गंजवते आणि पॅडचे चामडे खराब करते. मऊ कोरडे कापड पुरेसे आहे. पॅड बहुधा लाखेने बसवलेले असतात, म्हणून आपल्याकडील मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत वाद्य ठेवल्यास लाख मऊ पडून ते जागचे हलतात. कोरड्या हवेत आक्रसलेल्या मानेच्या कॉर्कला कॉर्क ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि वाजवून झाल्यावर नळीतील ओल पुसूनच पेटी मिटावी.