बॅटरी ६१ टक्के, आणि दार उघडेना

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही मेलबर्नला अडीच महिने राहून आलो. आल्यावर दुसऱ्या दिवशी भाजी आणायला खाली उतरले, माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या किल्लीचं बटण दाबलं, तर गाडी ढिम्म. किल्लीतला सेल बदलला. तरी ढिम्म. ह्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं, "उतरली तुझी बॅटरी. तरी म्हणत होतो, पेट्रोलची घे."

गॅरेजवाला पोरगा आला. किल्लीच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली काढून त्याने दार उघडलं, बॉनेट उघडलं, स्वतःच्या गाडीवरून दोन वायरी लावल्या. गाडी जागी झाली आणि पडद्यावर आकडा आला: ६१ टक्के. जाताना ६४ होते.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली आहेत. ताळा जुळला नाही की मला जेवण जात नाही. पंचाहत्तर दिवसांत फक्त तीन टक्के गेले, मग गाडी मेली कशाने?

तर इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक तळाशी असते ती मोठी, जिच्यावर गाडी पळते. दुसरी बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली, साध्या गाडीत असते तशी १२ व्होल्टची छोटी. कुलूप, दिवे, आतले सगळे कॉम्प्युटर छोटीवर चालतात. एवढंच नाही, मोठी बॅटरी गाडीला जोडणारा खटका ओढायलाही छोटीचीच वीज लागते. गाडी बंद केली की सुरक्षिततेसाठी तो खटका सुटतो आणि मोठी एकटी पडते. छोटी मेली की मोठीत कितीही माल असला तरी बाहेर येत नाही. मुदत ठेव लाखाची, आणि रिक्षावाल्याला द्यायला सुटे नाहीत, अशी गत.

गाडी चालवताना किंवा चार्जिंगला लावल्यावर मोठी छोटीला भरत राहते. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून आपणहून भरतात. तुमची भरते का, ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात बघा. माझी भरत नाही.

आता हिशोब. गाडी कुलूपबंद असली तरी आतलं थोडंफार जागं असतं. समजा ते २५ मिलिअँपिअर खातं. दिवसाला ०.६ अँपिअर-तास, महिन्याला १८. छोटी बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असेल तर महिन्यात निम्मी, दोन महिन्यांत साफ. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम बसवला होता. तो पाव अँपिअर धरा, दिवसाला ६ झाले. गणपतीला आठ दिवस कोकणात जाऊन आले, आणि मग तोच गॅरेजवाला, त्याच दोन वायरी.

माझा स्वतःचा गुन्हा वेगळाच होता. मेलबर्नला रोज सकाळी चहा घेताना मी मोबाइलवर अ‍ॅप उघडून गाडी कशी आहे ते बघायचे. दर वेळी ती बिचारी झोपेतून उठून उत्तर द्यायची, तेही छोट्या बॅटरीवर. विरजणाचं भांडं दर तासाला हलवून बघितलं तर दही लागेल का? सहाव्या आठवड्यात अ‍ॅपवर "संपर्क नाही" आलं, तर मी म्हटलं, बेसमेंटमध्ये रेंज नसेल.

पुढच्या वर्षी पुन्हा ८२ दिवस जायचं ठरलं तेव्हा वही केली. तिच्यातूनच सांगते.

निघायच्या आठवडाभर आधी छोटी बॅटरी मोजायची. साधा मल्टिमीटर घ्या, तो पुढे घरातही उपयोगी पडतो. काटा २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा, लाल सुई प्लसला, काळी मायनसला. गाडी बंद करून तीन-चार तास झाल्यावरच मोजा. चालवून आल्या आल्या मोजलंत तर आकडा फुगलेला दिसतो. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. रात्रभर उभी राहून सकाळी १२ च्या खाली आली तर ती म्हातारी झाली, जाण्याआधीच बदला. परत आल्यावर बदलायचीच आहे, मग आधी का नको?

मोठीची काळजी त्या मानाने सोपी. पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवून जायचं. "लांब जातोय तर फुल्ल करून ठेवू" हे डोक्यातून काढा. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली आणि वर उन्हात तापलेली, असं महिनोन् महिने राहिलं की तिचं आयुष्य कमी होतं. नागपूरला माझा भाऊ मे महिन्यात गाडी अंगणात उघड्यावर ठेवतो, त्याला हे मी फोनवर तीनदा सांगितलंय. दहा-पंधरा टक्क्यांवर सोडून जाणंही वाईट, अगदी तळाला गेली तर बॅटरीला कायमची इजा होऊ शकते. चार्जरला लावून ठेवू का, असं पुष्कळजण विचारतात. काही कंपन्या तसं सांगतात, आणि स्वतःचा बंगला, नीट अर्थिंग, घरात माणूस असेल तर ठेवा. मी मात्र पावसाळ्यात, पाणी शिरणाऱ्या बेसमेंटमध्ये, घराला कुलूप असताना ठेवणार नाही.

महिन्याच्या आत परत येणार असाल आणि छोटी धडधाकट असेल, तर डॅशकॅमची वायर काढा, अ‍ॅपला हात लावू नका, बास. त्याहून जास्त दिवस असतील तर दोन रस्ते.

एक म्हणजे किल्ली विश्वासाच्या माणसाकडे द्यायची. पंधरा दिवसांतून एकदा त्याने गाडीत बसून ब्रेक दाबून गाडी चालू करायची, पडद्यावर 'रेडी' आलं की एसी बंद, गिअर पार्किंगमध्ये, हँडब्रेक वर, आणि तासभर पेपर वाचत बसायचं. धूर नाही, त्यामुळे बेसमेंटमध्येही चालतं. मोठीतला जेमतेम टक्का जातो. पण हे वॉचमनच्या पोराला सांगू नका. गाडी चालू आहे हे आवाजावरून कळतच नाही, आणि चुकून गिअर पडून पाय लागला की समोरचा खांब.

दुसरा रस्ता मी घेतला: छोटीचा मायनस काढून ठेवणे. सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, आणि दाराला किल्लीचं भोक नसलेल्या गाडीला हे करूच नका, बाहेरच राहाल. काचा वर घ्या, डिकीतलं सामान काढा, लोखंडी किल्ली खिशात ठेवा, बॉनेट उघडून गाडी बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा, आतलं सगळं झोपू दे. मग १० नंबरचा पाना घेऊन फक्त मायनसचा नट सैल करायचा, क्लॅम्प उचलून जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा. पान्याचं एक टोक प्लसला आणि दुसरं पत्र्याला लागलं तर ठिणगी उडते, म्हणून ह्यांना मी लांब उभं केलं होतं. नारिंगी वायरी दिसतील त्या मोठ्या बॅटरीच्या, त्यांच्याकडे बघायचंही नाही. बॉनेट लावा, दार किल्लीने लावा, चाकांना पुढेमागे विटा लावा.

आणि तरीही मेलीच, तर गॅरेजवाल्याने केलं तसं, पेट्रोलच्या गाडीवरून दोन वायरी लावून छोटीला जागं करता येतं, त्याला जंप देणं म्हणतात. उलट मात्र करू नका. शेजाऱ्याची पेट्रोल गाडी सुरू करायला आपल्या इलेक्ट्रिकवरून वायर द्यायची नाही.

८२ दिवसांनी आलो. वहीत जातानाची नोंद: मोठी ५६, छोटी १२.७. आल्यावर मायनस जोडण्याआधी छोटी मोजली, १२.५. जोडली, किल्ली दाबली, टक् करून चारही दारं उघडली. मोठी ५४. टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय कमी होती, तेवढी भरली. मग घरच्या सॉकेटवर सावकाश एकदा शंभर टक्के चार्ज केली. माझ्या गाडीतली मोठी बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियमच्याच एका प्रकारची आहे, बराच काळ पूर्ण न भरता राहिली की तिचा आकडा मागेपुढे होतो, एकदा फुल्ल केलं की जाग्यावर येतो.

ह्यांनी काही न बोलता वहीत १२.५ लिहिलं. गाडीचं घड्याळ मात्र १ जानेवारी दाखवत होतं, आणि ते लावायचं कुठून, हे आम्हा दोघांना अजून सापडलेलं नाही.