डास बाहेरचे नव्हते, कूलरमधलेच होते
अकोल्याचा उन्हाळा, कूलर चोवीस तास चालू, आणि भर दुपारी पायाला डास. कॉइल झाली, लिक्विड झालं, खिडक्यांना जाळी ठोकली तरी तेच. मग एकदा कूलरचं पाणी मगात घेऊन उजेडात धरलं तर आत बारीक अळ्या वळवळतायत, म्हणजे मीच पाळले होते की! दिवसा चावणारे हे एडिस, अंड्याचा डास व्हायला ८-१० दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी जगतात, म्हणून आता दर रविवारी टाकी काथ्याने खसाखसा घासतो, उन्हात वाळवतो, मगच भरतो. फ्रिजमागचा ट्रेपण बघा, आमच्याकडे तिथेही निघाल्या. दोन आठवड्यांत दुपारची झोप परत आली. संध्याकाळी मात्र फुल पँट लागतेच, शेजारच्या टाकीला झाकण नाहीये ना.