स्टेलनबॉशच्या रेड वाइन कशा ओळखाव्यात: चार बाटल्यांची एक संध्याकाळ

दक्षिण आफ्रिकेची रेड वाइन म्हटली की लोक थेट पिनोटाज, म्हणजे तिथेच जन्मलेल्या द्राक्षाच्या जातीची वाइन, उघडतात आणि एका घोटात आवडली-नावडली ठरवून टाकतात. हा अन्याय आहे. पिनोटाज समजायची तर आधी तिच्या घराण्याची ओळख हवी. त्यासाठी चार-सहा मित्र जमवा आणि चार बाटल्या आणा: सँसो, पिनोटाज आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ या तीन द्राक्षजातींची एकेक, आणि अनेक जाती मिसळलेली एक मिश्र रेड.

१. लेबल वाचा

स्टेलनबॉश केप टाउनपासून साधारण ५० किलोमीटरवर, पूर्वेला आहे. लेबलवर ‘वाइन ऑफ ओरिजिन’ या मूळ-प्रदेशाच्या अधिकृत शिक्क्यासोबत स्टेलनबॉश लिहिलं असेल, तर सगळी द्राक्षं तिथलीच असतात. द्राक्षाच्या एकाच जातीचं नाव असेल, तर त्या जातीचा वाटा किमान ८५ टक्के असतो. सालाकडेही बघा. नाशिकप्रमाणे तिथलीही काढणी वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत होते, फक्त तिथे तो उन्हाळा असतो. म्हणजे त्याच सालाच्या फ्रेंच वाइनपेक्षा ही सहाएक महिन्यांनी मोठी.

२. थंड करा

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी, हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. आपल्याकडच्या ३० अंशांत तिचा अल्कोहोलच नाकात शिरतो. बाटल्या दीडएक तास फ्रिजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंश पुरे. सँसो आणखी थोडी गार चालते.

३. सँसोपासून सुरुवात

रंग फिका, अंग हलकं, लाल फळांचा वास. उन्हाला दाद न देणारी, भरघोस पिकणारी ही जात केपमध्ये, म्हणजे केप टाउनभोवतीच्या प्रदेशात, अनेक वर्षं मिश्रणात भर घालण्यापुरती वापरली गेली. आता तिच्या जुन्या, आधाराविना झुडपासारख्या वाढलेल्या वेलींची वाइन मानाने बाटलीत येते. हिची चव लक्षात ठेवा.

४. आता पिनोटाज

१९२५ मध्ये स्टेलनबॉश विद्यापीठातले प्राध्यापक अब्राहम पेरोल्ड यांनी नाजूक पिनो न्वारचा संकर काटक सँसोशी केला. सँसोला तेव्हा तिथे हर्मिटाज म्हणत, म्हणून हे जोडनाव. चार बिया त्यांनी घराच्या बागेत लावल्या. पुढे ते नोकरी बदलून गेले, बागेत रान माजलं, आणि चार्ली नीहाउस या तरुण अध्यापकाने ती रोपं वाचवली. लेबलवर ‘पिनोटाज’ हे नाव छापून पहिली वाइन १९६१ मध्ये लान्झेराक नावाने बाजारात आली. ती १९५९ च्या पिकाची होती.

ग्लास फिरवा, हुंगा. आलुबुखार, काळी बेरी, थोडा धूर. आई-बापांपेक्षा ही कितीतरी गडद आणि जोरकस निघाली. रंगाच्या किंवा नेलपॉलिशच्या वासाबद्दल पूर्वी तिची फार बदनामी झाली, पण तो दोष प्रामुख्याने किण्वनातल्या हलगर्जीपणाचा. कॉफी-चॉकलेटचा ठळक वास आला, तर तो भाजलेल्या ओक लाकडाचा समजा. शक्य असेल तर सायमन्सबर्ग डोंगराच्या उतारावरच्या कानोनकॉपसारख्या नावाजलेल्या वाइनघराची बाटली घ्या. स्वस्त बाटलीवरून या जातीबद्दल मत बनवू नका.

५. कॅबर्ने

माझ्या मते स्टेलनबॉशची सगळ्यात भरवशाची रेड हीच. सायमन्सबर्ग आणि हेल्डरबर्गच्या उतारांवरची झिजलेल्या ग्रॅनाइटची माती पाणी धरून ठेवते. फॉल्स बे या जवळच्या उपसागराकडून येणारा वारा उन्हाळ्यातही वेलींना गारवा देतो, त्यामुळे द्राक्षं पिकूनही आंबटपणा टिकतो. घोट तोंडात घोळवा: काळं फळ, देवदाराच्या लाकडाची छटा आणि हिरड्यांवर कोऱ्या चहासारखा तुरटपणा. वाइन तरुण असेल तर ही बाटली तासभर आधी उघडून जगमध्ये ओता.

६. शेवटी मिश्रण

इथे दोन वाटा आहेत. एक फ्रान्समधल्या बोर्दोच्या धर्तीवर कॅबर्ने, मर्लो, कॅबर्ने फ्रँक. मीरलुस्ट या वाइनघराची ‘रुबिकॉन’ १९८० पासून या वाटेवर आहे. दुसरी ‘केप ब्लेंड’, ज्यात पिनोटाजचा लक्षणीय वाटा असतो. मी केप ब्लेंड सुचवेन, कारण मघाची पिनोटाज त्यात शोधता येते.

सोबत सुकं मटण किंवा कबाब ठेवा, मात्र तिखट हात राखून. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. उरलेल्या बाटल्या बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कॅबर्ने पुन्हा चाखा. आदल्या रात्री कडक वाटलेली तरुण वाइन बऱ्याचदा तेव्हा मऊ लागते.