घाटाखालच्या गावात मुक्काम: आधी वाट ठरवा, मग खोली

गोव्यातल्या सह्याद्रीत ट्रेकसाठी मुक्काम शोधताना पहिली चूक फोनवरच होते. "सुर्ल्याला खोली आहे का?" असं विचारलं की समोरचा "आहे" म्हणतो आणि आगाऊ पैसे जातात. गोव्यात सुर्ला तीन आहेत: महादेवाच्या कदंबकालीन देवळाचं तांबडी सुर्ला धारबांदोडा तालुक्यात, दुसरं सुर्ला सत्तरीत चोर्ला घाटावर आणि तिसरं डिचोलीत. तिन्हींकडे जायच्या वाटा वेगळ्या, घाटमाथा एकाच ठिकाणी. तेव्हा गावाच्या नावावर जाऊ नका. घराच्या अंगणातून पाठवलेलं लोकेशन मागा आणि तिथून ट्रेकची वाट जिथे सुरू होते तिथपर्यंतचं अंतर मोजा. हे अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, "सकाळी चालत किती वेळ लागतो?" असं विचारा. दोन किलोमीटर म्हणजे डांबरी रस्त्यावर पंचवीस मिनिटं, पण पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून आणि ओहळ ओलांडत तेवढ्यालाच तासाभराहून जास्त लागतो.

एकाच मुक्कामातून सगळं पाहून घेऊ हा हिशेबही बहुधा फसतो. सांगे तालुक्यातल्या नेत्रावळीत राहून तांबडी सुर्ल्याला जायचं तर सांगे-सावर्डेचा वळसा घालून मोलेकडे यावं लागतं. अर्धा दिवस गाडीतच जातो.

दूधसागर धबधब्यासाठी कुळे बरं. जीप तिथूनच सुटतात, रेल्वे स्टेशन गावातच आहे, आणि सुट्टीच्या दिवशी रांगेत लवकर उभं राहायला मिळालं तर निम्मं काम झालं. मात्र पावसाळ्यात जीप बंद असतात आणि रुळांवरून चालत जाणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे धबधबा सर्वांत भरलेला असतो त्या जुलै-ऑगस्टमध्ये 'दूधसागर पाहायला' कुळ्यात खोली घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तांबडी सुर्ल्याच्या बाजूची जंगलं फिरायची असतील तर मोले सोयीचं. तिथे एकच गोष्ट विचारा: खोली महामार्गापासून किती आत आहे? अनमोड घाट चढणारे ट्रक रात्रभर गियर बदलत जातात. रस्त्याकडची खोली दुपारी शांत वाटते, मध्यरात्री नाही.

दक्षिणेकडच्या खोतीगाव अभयारण्यात वन खात्याचीही राहायची सोय आहे. तिथली चाल बरीचशी सपाट, डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तिथे राहायचं तर जेवण मिळतं का, आणि किती माणसांसाठी आधी सांगावं लागतं, हे बुकिंगच्याच वेळी पक्कं करा. आयत्या वेळी जवळ हॉटेल शोधायला गेलात तर काणकोणपर्यंत जावं लागेल.

चोर्ल्याला घाटमाथ्यावर महागडी रिसॉर्टं आहेत. ऑक्टोबरनंतर पैसे वसूल होतात. जुलैत 'व्हॅली व्ह्यू'चे जास्तीचे पैसे देऊ नका. तेव्हा दरीत दिवसेंदिवस धुकं बसलेलं असतं आणि खिडकीतून फक्त पांढरं दिसतं.

नेत्रावळीला खरा विचार करावा लागतो, कारण तिथे दोन तऱ्हेचे मुक्काम आहेत. खाली कुळागरातली, म्हणजे पोफळी-केळीच्या बागेतली घरं, आणि वर वेर्ले, साळगिणीसारख्या डोंगरातल्या वाड्यांकडची. सावरी किंवा मैनापी धबधबा हा बेत असेल तर दोन्ही चालतील. डोंगरातच दोन दिवस फिरायचं असेल तर वर राहा, म्हणजे रोजचा चढ-उतार वाचतो. वर दुकान मिळेलच असं नाही, बसच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि मोबाईल कधी लागतो, कधी नाही. कोणतं सिम चालतं हे विचारताना "अंगणात नाही, खोलीत" एवढं जोडा.

कुळागरातलं घर फोटोत सर्वांत देखणं दिसतं. पोफळी, केळी, मिरवेल, मधून वाहणारा पाट. पण जिथे पाट आहे तिथे ओल आहे, आणि ओल आहे तिथे डास आणि जळवा. जून ते सप्टेंबर उशीसुद्धा दमट लागते. म्हणून तीन गोष्टी विचारा: मच्छरदाणी आहे का, संडास घरात आहे की अंगणापलीकडे, आणि ओले कपडे वाळत घालायला छप्पर आहे का. बाहेरच्या संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नसेल तर ते घर पावसात टाळलेलं बरं, साप उबेला घराजवळ येतात.

वाळवण्याचा प्रश्न लोक सर्वांत हलका घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच ट्रेक मोडतो. बुटातल्या आतल्या गाद्या काढा, बुटात चुरगाळलेलं वर्तमानपत्र गच्च भरा आणि दर दोन तासांनी बदला. झोपण्याआधी दोनदा बदललं तरी सकाळी बूट घालण्याजोगे होतात. बूट चुलीजवळ ठेवू नका. उष्णतेने तळव्याचा गोंद सुटतो आणि नेमका उतरणीवर तळवा बोलू लागतो. सहा मीटर दोरी आणि रद्दीचा गठ्ठा स्वतःच घेऊन जा. यजमानाकडे मागितलं तर मिळेल, पण सगळेच मागतात.

वीज हा पुढचा मुद्दा. पावसात झाड तारांवर पडलं की रात्रभर वीज नसते. "इन्व्हर्टर आहे" या उत्तरावर थांबू नका. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, बोअरचा पंप सहसा चालत नाही. वर टाकी असेल आणि ती संध्याकाळी भरून ठेवत असतील तरच सकाळी आंघोळीला पाणी. नसेल तर बादल्या भरून ठेवायला सांगा.

डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत सत्तरीत वेगळी काळजी घ्यावी लागते. गोचीड चावून होणारा माकडताप तिथे 2015 पासून आढळतो, आणि काजूच्या बागा वेचणीसाठी गजबजतात तेही याच काळात. काजूच्या पाचोळ्याला लागून असलेली खोली घ्यायची असेल तर कपडे जमिनीवर किंवा कुंपणावर टाकू नका. परत आल्यावर काखा, गुडघ्यामागचा भाग आणि कमरेची पट्टी नीट तपासा. जवळपास माकड मरून पडलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा आणि त्या बाजूने फिरू नका.

न्याहारीची वेळही बुकिंगआधीच ठरवा. अभयारण्याचं गेट किती वाजता उघडतं ते तिथल्या वन कर्मचाऱ्यांनाच विचारा. इंटरनेटवरच्या वेळांवर विसंबू नका, हंगामाप्रमाणे त्या बदलतात. सहाला निघायचं असेल तर पोदेर, म्हणजे पाववाला, पाव घेऊन येईपर्यंत तुम्ही वाटेवर असता. आदल्या रात्रीच सांगून ठेवा: "काकी, उद्या पहाटे सहाला निघणार, चार जणांना चपात्या बांधून द्याल का?" बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. रात्री दहाला सांगितलंत तर मिळणार नाही, कारण पीठ तोवर मळून झालेलं असतं.

पैशांबाबत दर माणशी आहे की खोलीचा, आणि त्यात किती जेवणं धरली आहेत, हे लिहून घ्या. जेवण शाकाहारी हवं की मासळीचं हे आधी सांगा. आतल्या गावात मासळी सकाळीच येते, संध्याकाळी मागून मिळत नाही. घर पर्यटन खात्याकडे नोंदलेलं आहे का तेही विचारा. 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि तक्रार करायची वेळ आली तर नोंदणी क्रमांकच कामाला येतो.

पावसाळी बेत असेल तर रद्द करण्याची अट सर्वांत आधी वाचा. 2023 च्या जुलैत मैनापीला दोघे बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. असे आदेश एका दिवसात निघतात. "धबधबा बंद झाला तर तारीख बदलून द्याल का?" हे फोनवर विचारा आणि उत्तर मेसेजवर मागून घ्या. तारीख बदलायला तयार असलेलं साधं घर, आगाऊ पैसे न परतवणाऱ्या रिसॉर्टपेक्षा पावसात परवडतं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या भागातल्या वन कार्यालयात पुन्हा एक फोन करा, आणि घरी कोणाला तरी यजमानाचा नंबर, वाटेचं नाव आणि परतायची वेळ देऊन ठेवा. परतायची वेळ संध्याकाळी साडेपाचच्या पुढची धरू नका, दाट रानात सूर्य मावळण्याआधी तासभर अंधारून येतं.