विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय? या चुका टाळा

"चहाला रॉकेलसारखा वास मारतोय," असं त्या आजी चार दिवस सांगत होत्या. घरच्यांना वाटलं, दूध नासलं असेल. पाचव्या दिवशी विहिरीतून ओढलेल्या बादलीत सप्तरंगी तवंग तरंगताना दिसला. रस्त्यापलीकडे, चढावर पेट्रोल पंप. भूजलाच्या कामात अशी प्रकरणं मी जवळून पाहिली आहेत. पंपाची जमिनीखालची टाकी गळते ती गळतेच, पण पहिल्या आठवड्यात झालेल्या चुका पुढची कित्येक वर्षं निस्तराव्या लागतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मोटर लावून विहीर उपसायला घेणं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीतच साचते आणि तिला एक ठिणगी पुरते. त्यामुळे मोटर चालवू नका आणि विहिरीत माणूस तर अजिबात उतरवू नका. शिवाय उपशाने पातळी खाली गेली की आजूबाजूच्या खडकातलं पेट्रोल त्याच विहिरीकडे ओढलं जातं. उपसलेलं पाणी ओढ्यात सोडलं तर खालच्या वस्तीचं पाणीही नासतं. विहिरीचं पाणी पिणं, स्वयंपाक आणि अंघोळ तिन्हींसाठी थांबवा.

दुसरी चूक नमुन्याची. मिनरल वॉटरची रिकामी बाटली अर्धी भरून प्रयोगशाळेत दिली जाते, अहवाल येतो "पिण्यायोग्य", आणि तोच कागद पुढे पंपाच्या बाजूने दाखवला जातो. नेहमीच्या तपासणीत क्षार, जडपणा, जंतू बघतात. त्यात पेट्रोल शोधलेलंच नसतं. बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन ही पेट्रोलमधली रसायनं आणि मिनरल ऑइल (खनिज तेल) अशी नावं लिहून तपासणी मागा. नमुना काचेच्या छोट्या बाटलीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरा आणि बर्फात ठेवून न्या. कारण बेंझिन उडून जातं, आणि ते कर्करोगाला कारणीभूत ठरणारं रसायन आहे. आपल्याकडच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे लिटरमागे साधारण १० मिलिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन आठ लाख लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसं आहे.

पंपचालकांनाही एक कळकळीचं सांगणं आहे. डिप (काठी बुडवून केलेली टाकीतल्या इंधनाची मोजणी) आणि विक्री यांतला रोजचा फरक "बाष्पीभवनात गेलं" म्हणून सोडून देऊ नका. रोजचे ५ लिटर म्हणजे वर्षाला १,८२५ लिटर. टाकीला भोक असेल तर पावसाळ्यात त्यातून पाणी आतही शिरतं, म्हणून पाणी शोधायची पेस्ट लावून डिप घ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट मिळते, तीच वापरा.

तक्रार कुठे करायची यात लोक फार दिवस घालवतात. फक्त तलाठ्याला किंवा पंपाच्या मॅनेजरला तोंडी सांगून काही होत नाही. टाकीचा परवाना आणि सुरक्षितता पेसोकडे, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे. पाणी दूषित झाल्याचा विषय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. १९७४ च्या जल कायद्यात भूगर्भातलं पाणीही "प्रवाह" या व्याख्येत येतं, आणि कलम ३३अ खाली मंडळ काम बंद करण्याचे किंवा वीज तोडण्याचे आदेश देऊ शकतं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणले. त्यांनुसार संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची आणि राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची. म्हणून एकच अर्ज जिल्हाधिकारी, मंडळ आणि पेसो तिघांना द्या, आणि पोच घ्या. काहीच हललं नाही तर हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे.

आता ज्या चुकीसाठी मुद्दाम लिहायला बसलो ती. टाकी बदलली, पावसाळ्यात तवंग दिसेनासा झाला, "समस्या निवारण झाले" असा शेरा पडला आणि फाइल बंद. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. उन्हाळ्यात पातळी उतरते तसं तेही खाली जातं आणि मुरमाला, काळ्या पाषाणाच्या भेगांना चिकटून बसतं. पावसाळ्यात पाणी त्याच्या वर चढतं. तवंग नाहीसा होतो, पण खाली अडकलेले थेंब पाण्यात विरघळत राहतात. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये पातळी उतरली की वास परत. दख्खनच्या बेसाल्टमध्ये भेग जाईल तिकडे पेट्रोल जातं, त्यामुळे लगतची विहीर स्वच्छ आणि लांबची खराब असंही होतं. तेव्हा देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडून चार गोष्टी मागून घ्या: पंपाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला निरीक्षण बोअर, पाण्याच्या पातळीसोबत तवंगाच्या जाडीची नोंद, निदान एक पूर्ण वर्ष पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने, आणि उकरलेली माती तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत घातक कचरा केंद्रात गेल्याची पावती. ती माती कोणाच्या शेतात भराव म्हणून जाता कामा नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे परिसरातल्या पातळीच्या जुन्या नोंदी असतात, त्याही फाइलला जोडायला सांगा.

त्या आजींच्या घराला पंधरा दिवस टँकर आला आणि मग बंद झाला, कारण कुठेच काही लेखी नव्हतं. पर्यायी पाण्याची मागणी पहिल्याच अर्जात घाला: रोज किती लिटर, किती महिने, आणि कोणाच्या खर्चाने.