अन्ननलिकेची ॲलर्जी: बायोप्सीचा अहवाल आणि त्यामागील संदेशसाखळी कशी वाचावी

घास घशाखाली अडकल्यासारखा वाटतो, प्रत्येक घासाबरोबर पाणी प्यावे लागते, जेवायला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो, आणि एंडोस्कोपीनंतर हाती आलेल्या अहवालात ‘इओसिनोफिलिक इसोफेजायटिस’ (इओसिनोफिल पेशी जमलेला अन्ननलिकेचा दाह) असे दोन शब्द लिहिलेले असतात. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात सहसा नसतातच. त्या तेथे कोणाच्या बोलावण्यावरून आल्या हे समजले, की अहवालही वाचता येतो आणि डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे हेही ठरवता येते.

सर्वप्रथम हा विकार नेहमीच्या अन्नॲलर्जीपासून वेगळा करावा. नेहमीच्या ॲलर्जीत आयजीई ही प्रतिपिंडे मास्ट पेशींवर, म्हणजे हिस्टामिन साठवणाऱ्या पेशींवर, आधीच चिकटून बसलेली असतात. अन्नातील प्रथिन त्यांना भिडताच हिस्टामिन बाहेर पडते आणि काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे अशी लक्षणे दिसतात. अन्ननलिकेतील हा दाह मात्र दिवसांच्या आणि आठवड्यांच्या गतीने वाढतो व त्यात आयजीईची भूमिका दुय्यम असते. त्यामुळे त्वचेवर टोचून केलेली चाचणी किंवा रक्तातील आयजीईची पातळी पाहून कोणते अन्न सोडावे हे ठरवू नये. या चाचण्यांवर विसंबून पथ्याची लांबलचक यादी करणारे रुग्ण बरेच असतात, आणि त्यांची उपासमार बहुधा व्यर्थ जाते.

आता साखळी पाहू. ज्यांच्यात हा विकार होण्याची प्रवृत्ती असते त्यांच्या अस्तराच्या पेशी अन्नातील विशिष्ट प्रथिनांच्या संपर्कात आल्यावर टीएसएलपी आणि आयएल-३३ हे धोक्याचे संदेश सोडतात (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन, पेशींमधील संदेशवाहक रेणू). त्यांमुळे टी-हेल्पर-२ प्रकारच्या लसीकापेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) जाग्या होऊन आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ हे रेणू तयार करतात. आयएल-५ अस्थिमज्जेत इओसिनोफिलची निर्मिती वाढवते आणि त्यांचे आयुष्यही लांबवते. आयएल-१३ चे काम अधिक घातक असते. ते अस्तराच्या पेशींतील स्टॅट-६ या मध्यस्थाला चेतवते. मग त्या पेशी इओटॅक्सिन-३ तयार करतात आणि त्याचा माग काढत इओसिनोफिल रक्तातून अस्तरात शिरतात. त्याच वेळी पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे डेस्मोग्लीन-१ आणि अस्तर मजबूत ठेवणारे फिलॅग्रिन घटते, अस्तर झिरपू लागते आणि आणखी प्रथिने आत जातात. हे चक्र वर्षानुवर्षे चालले, तर टीजीएफ-बीटा या तंतू वाढवणाऱ्या संदेशरेणूच्या प्रभावाने अस्तराखाली तंतुमय ऊती साचतात आणि नलिका अरुंद होते. अर्थात इओसिनोफिल हे या साखळीचे ठळक चिन्ह आहे, तिची सगळी कथा नव्हे.

अहवाल उघडल्यावर आधी नमुन्यांची संख्या पाहावी. दाह ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असतो, म्हणून अन्ननलिकेच्या किमान दोन पातळ्यांवरून मिळून सहा तरी तुकडे घेतलेले असावेत. दोनच तुकड्यांवर ‘काही आढळले नाही’ असा शेरा असेल तर त्यावर फार विसंबू नये. त्यानंतर मोठ्या भिंगाखालच्या एका दृश्यक्षेत्रातील इओसिनोफिलची सर्वाधिक संख्या पाहावी. ती १५ किंवा अधिक असेल, गिळण्याची लक्षणे असतील आणि या पेशी वाढण्याचे दुसरे कारण नसेल, तर निदान पक्के धरले जाते. एंडोस्कोपीच्या वर्णनात वर्तुळाकार कडी, उभ्या चरा, पांढरे ठिपके, सूज किंवा अरुंदपणा यांचा उल्लेख आहे का हेही तपासावे, कारण कडी व अरुंदपणा हे जुन्या तंतुमय बदलांचे निदर्शक आहेत आणि केवळ पेशींच्या आकड्यातून ते कळत नाहीत.

उपचारांबाबत विचारायचा मुख्य प्रश्न असा, की सुचवलेला उपाय साखळीची कोणती कडी तोडतो. पथ्य पहिलीच कडी तोडते. दूध, गहू, अंडी, सोया, कवचफळे व शेंगदाणे, मासे व कवचधारी जलचर हे सहा गट सर्वाधिक संशयित आहेत आणि त्यांत दुधाचा क्रमांक वरचा, म्हणून अनेकदा केवळ दूध सोडून सुरुवात करणे पुरेसे ठरते. आम्ल कमी करणाऱ्या पीपीआय गोळ्या आम्लाखेरीज इओटॅक्सिन-३ ची निर्मितीही रोखतात, त्यामुळे सुमारे ४० ते ५० टक्के रुग्णांत पेशींची संख्या घटते. गिळायचे स्टेरॉइड अस्तरावर बसून दाह शमवते. ते घेतल्यावर निदान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन आयएल-४ आणि आयएल-१३ या दोघांचा सामाईक ग्राहक रेणू (पेशीवर संदेश झेलणारा रिसेप्टर) अडवते. अमेरिकेत २०२२ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये ती लहान मुलांपर्यंत वाढली. बोधप्रद उदाहरण मात्र बेनरालिझुमॅबचे आहे. आयएल-५ च्या ग्राहकावर काम करणाऱ्या या औषधाने चाचणीत अस्तरातील इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे केले, पण गिळण्याचा त्रास काही कमी झाला नाही. आयएल-१३ ची बाजू अबाधित राहिली हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

उपचार सुरू केल्यावर ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर ते थांबवू नयेत. लक्षणे आणि ऊतीतील दाह यांची सांगड नेहमीच बसत नाही. शिवाय रुग्ण नकळत बारीक चावण्याची आणि कोरडे पदार्थ टाळण्याची सवय लावून घेतो. म्हणून साधारण ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा एंडोस्कोपी व बायोप्सी करून संख्या १५ च्या उंबरठ्याखाली आली का ते पाहावे. घास अडकून लाळही गिळता येत नसेल, तर घरी वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

पथ्याने दाह ओसरला असेल तर सोडलेले गट एकदम सुरू करू नयेत. एका वेळी एकच गट काही आठवडे खावा, मग पुन्हा बायोप्सी करावी, आणि पेशी वाढल्या तर त्या गटावर खूण करून पुढच्या गटाकडे वळावे.