म्हाताऱ्या फौजीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला घर शोधताना

आपल्या सोलापूरकडच्या कितीतरी गावांत फौजेतून परतलेल्या माणसाला सगळे ‘मेजर’च म्हणतात, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून. अशा मेजरच्या दारात कुत्रा असला, की दोघं बरोबरच म्हातारे होतात. मग एक दिवस मुलगा पुण्याला न्यायला येतो, किंवा ऑपरेशनची तारीख मिळते, आणि ‘आठ दिवसांत कुत्र्याचं काहीतरी बघा’ असा निरोप फिरू लागतो. दहा वर्षांच्या कुत्र्याला आठ दिवसांत चांगलं घर मिळत नाही. निदान सहा आठवडे हाताशी हवेत, म्हणून मालक हिंडता-फिरता आहे तेव्हाच कामाला लागा.

आधी नॉमिनी ठरवा

‘काका, तुमच्या माघारी कुत्र्याचं काय?’ असं विचारलं की समोरचा विषय बदलतो. त्याऐवजी ‘पेन्शनच्या कागदावर नॉमिनी आहे, तसा शेरूचा नॉमिनी कोण?’ असं विचारून बघा. ही भाषा फौजी माणसाला चटकन पटते. नावं दोन लिहून घ्या. पहिलं नाव रात्री-अपरात्री दवाखान्यात जावं लागलं तर लगेच येऊन कुत्र्याला नेणाऱ्याचं. त्याच्याकडे घराची एक किल्लीही हवी. दुसरं नाव कायमचा सांभाळ करणाऱ्याचं. दोन्ही नावं, फोन नंबर आणि कुत्र्याच्या औषधांची वेळ एका कागदावर लिहून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड जिथे असतं तिथेच ठेवा. धावपळीत घरचे तीच जागा उघडतात.

पैशाची सोय करायची असेल तर एवढं माहीत हवं: कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालमत्ता आहे, त्याच्या नावाने रक्कम ठेवता येत नाही. मृत्युपत्रात रक्कम सांभाळणाऱ्या माणसाच्या नावे लिहावी लागते आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. सांभाळणाऱ्यालाच साक्षीदार करू नका.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासा. कुत्रा खरोखर द्यायलाच हवा का? पुष्कळदा अडचण एकच असते, सकाळी फिरवायला माणूस नाही. शेजारचा कॉलेजचा मुलगा सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं द्यायला तयार झाला, तर दोघांनाही वर्ष-दोन वर्षं एकत्र काढता येतात. सोसायटी ‘कुत्रा चालणार नाही’ म्हणत असेल तर घाबरून जाऊ नका. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

मग दवाखाना

तब्येत न तपासता घर शोधायला निघालं की कुत्रा महिन्याभरात परत येतो. नव्या घरात तो खात नाही, उलट्या करतो, आणि ‘आजारी कुत्रा गळ्यात मारला’ असं लोक म्हणतात. त्यांचंही चुकत नाही.

पशुवैद्यांकडून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या, लघवीची तपासणी आणि गोचीड तापाची चाचणी करून घ्या. गोचीड ताप आपल्या भागात इतका आहे, की सुस्त पडलेल्या कुत्र्याला ‘वय झालं’ म्हणण्याआधी ही चाचणी व्हायलाच हवी. औषधांचा पूर्ण कोर्स दिला तर वय झालंय असं वाटणारा कुत्रा पुन्हा दारापर्यंत धावत येऊ शकतो. नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या म्हाताऱ्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. ती फार पाणी पीत असेल, अंगावरून घाण जात असेल, तर त्याच दिवशी दाखवा. रेबीजची लस, जंताचं औषध, वाढलेली नखं आणि दात हेही याच फेरीत उरका.

दोन मोजमापं घरीच करता येतात. एक पाण्याचं: वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक ते सव्वा लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात ते वाढणारच, पण थंडीतही दोन लिटरच्या वर जात असेल तर किडनी किंवा मधुमेहाकडे बघावं लागेल. दुसरं श्वासाचं: गाढ झोपेत छाती मिनिटाला तीसपेक्षा जास्त वेळा वर-खाली होत असेल तर हृदय तपासून घ्या. डोळ्यांत दिसणारी निळसर झाक मात्र दर वेळी मोतीबिंदू नसते. वयाने भिंग घट्ट होतं, तशात कुत्र्याला बऱ्यापैकी दिसतं. ‘आंधळा आहे’ असं स्वतःच ठरवून जाहिरातीत लिहू नका.

दुखणं फार पुढे गेलेलं असेल, काही आठवड्यांचंच आयुष्य असेल, तर घर बदलू नका. पशुवैद्यांशी स्पष्ट बोला. अशा कुत्र्याला मालकाजवळ, वेदना कमी ठेवून शेवटपर्यंत राहू देणं हेच योग्य.

माहितीचा कागद

रडवेला फोटो आणि ‘याला कुणी घर देता का घर’ अशा मजकुराला हळहळ भरपूर मिळते, घर मिळत नाही. खरी माहिती लिहा. नमुना असा:

‘शेरू, नर, १० वर्षं, लॅब्राडॉर, २९ किलो. नसबंदी झालेली. मागच्या पायांत सांधेदुखी, रोज एक गोळी. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहाला फिरायची सवय. हिंदीत सांगितलेलं कळतं: बैठ, रुक, पीछे, आ जा. दूध-भाकरी आणि उकडलेलं चिकन खातो. मांजर सहन होत नाही. फटाक्यांना घाबरतो, पलंगाखाली बसतो. मालक आजारपणामुळे मुलाकडे जात आहेत. वैद्यकीय कागद सोबत मिळतील.’

हुकमांची भाषा सोलापुरात विसरून चालत नाही. मालक फौजी हिंदीत बोलायचा, घरात कानडी किंवा तेलुगू, आणि नवं घर मराठी. कुत्रा ऐकत नाही असं वाटतं, खरं तर त्याला शब्दच ओळखीचे नसतात. मालकाच्या आवाजात आठ-दहा शब्द आणि त्याची शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या.

फोटो तीन: उभा असताना बाजूने, चेहरा, आणि माणसाजवळ बसलेला. चालतानाची वीस सेकंदांची क्लिप असली तर लंगडणं आधीच दिसतं, पुढचे वाद टळतात.

शोधायचं कुठे

कुत्रा ज्यांना ओळखतो, त्यांच्यापासून सुरुवात करा. रोज सकाळी फिरताना भेटणारे, दूधवाला, मालकाच्या युनिटमधले सोबती, आधीच्या कुत्र्याच्या जाण्याने रिकामं झालेलं घर. म्हातारा कुत्रा घेणारे लोक बहुधा पन्नाशीच्या पुढचे असतात. त्यांना पिल्लाच्या मागे पळायचं नसतं, सोबत हवी असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये येणाऱ्या माजी सैनिकांत विचारा. कुत्र्याला घर देणं हे त्या कार्यालयांचं काम नाही, पण तिथल्या बाकावर बसलेल्यांपैकी कुणीतरी त्याच वयाचं, त्याच शिस्तीचं निघतं. पशुवैद्यकीय दवाखाने आणि शहरातले प्राणीमित्र यांच्या ग्रुपवर कागद टाका, तो दुसऱ्या फळीत.

नाही कुणाला म्हणायचं

‘शेतावर मोकळा राहील’ असं सांगणारे सर्वांत जास्त भेटतील. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, पत्र्याच्या शेडखाली, रात्री एकटा, सांधे दुखणारा कुत्रा शेत राखू शकत नाही. वस्तीवरची तरणी कुत्री त्याला जवळ येऊ देत नाहीत. पिल्लं काढायला मादी मागणाऱ्याला, ‘फोटो पाठवा, आजच नेतो’ म्हणणाऱ्याला आणि घर दाखवायला टाळणाऱ्यालाही नाही म्हणा.

घर बघायला जाताना पाण्याच्या हौदाकडे आधी लक्ष द्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून अंगणात किंवा जिन्याखाली हौद असतो आणि त्याचं झाकण अर्धं सरकवलेलं असतं. कमी दिसणारा कुत्रा त्यात पडला तर वर चढू शकत नाही. मग जिने मोजा; लिफ्ट नसलेला तिसरा मजला सांधेदुखीच्या कुत्र्याला नको. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात, तिथे रबरी चटई टाकायला सांगा. गच्चीचा कठडा, गेटखालची फट, उंदराचं औषध कुठे ठेवतात, दिवसा घरी कोण असतं, घर भाड्याचं असेल तर घरमालकाचा होकार, एवढं विचारून घ्या.

स्वयंपाकघरात एक सूचना लिहून लावायला द्या: द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नाहीत. द्राक्ष-बेदाण्याच्या या जिल्ह्यात वाटीभर बेदाणे टेबलावर असतातच, आणि त्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदा, चॉकलेट, तिखट-मिठाची शेंगा चटणीही नाही. माणसाची वेदनाशामक गोळी, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कधीच नाही.

हवाली करताना

पहिली भेट कुत्र्याच्याच घरी, मालक शेजारी बसलेला असताना. दुसऱ्या भेटीत नवा माणूस त्याला फिरवून आणेल. तिसऱ्यांदा नव्या घरी दोन तास, चौथ्यांदा एक रात्र. मग पंधरा-वीस दिवसांची चाचणी. साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवा: जमलं नाही तर कुत्रा परत आमच्याकडेच, परस्पर कुणाला देणार नाही, विकणार नाही, सोडून देणार नाही. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे त्यात एका ओळीत असू द्या.

तारीख ठरवताना दिवाळी आणि जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा टाळा. शोभेच्या दारूकामाच्या आवाजात नव्या घरातून पळालेला कुत्रा सापडणं कठीण. एप्रिल-मेमध्ये न्यायचंच असेल तर सूर्य उगवायच्या आत. लांबच्या प्रवासात चार तास आधी खायला देऊ नका, दीड-दोन तासांनी थांबा. रेल्वेच्या गार्डच्या डब्यातली कुत्र्यांसाठीची पेटी हृदयरोगी कुत्र्याला सोसत नाही.

सोबत काय द्यायचं? पंधरा दिवसांची औषधं, नेहमीची भांडी, पट्टा, आणि मालक जी सोलापुरी चादर रोज पांघरतो ती. ती धुऊन, घडी करून द्यायचा मोह होतो. धुवू नका. त्या जाड विणीत त्याचं तेल, घाम, विडीचा वास मुरलेला असतो, आणि पहिल्या रात्री कुत्रा नाक खुपसून झोपतो ते त्याच वासावर. नव्या घरातही ती महिनाभर धुऊ नये. फरशीवर चादर सरकते, म्हणून खाली रबरी चटई किंवा पोतं घाला.

पहिले तीन महिने

पहिले तीन दिवस जुनंच खाणं, जुन्याच वेळेला. मग दर दोन दिवसांनी पाव हिस्सा बदलत नेलं तर दहा-बारा दिवसांत पोट न बिघडता नवं खाणं सुरू होतं. पहाटे पाचला तो दाराशी जाऊन उभा राहील. नव्या माणसाला तेव्हा उठावंच लागेल, वेळ नंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे ढकलता येते. दोन दिवस न खाणं, घरात लघवी होणं, रात्री येरझाऱ्या, हे पहिल्या आठवड्यात होतं. पाणीच पीत नसेल किंवा दोन दिवसांनंतरही उपाशी असेल तर दवाखाना. तीन आठवड्यांत घराची लय कळते, पुरता रुळायला तीन महिने लागतात. तोवर बाहेर पट्टा सोडू नका, आणि गळ्यात नव्या फोन नंबरचा बिल्ला असू द्या.

मालकाची भेट पहिले तीन आठवडे थांबवा, फक्त व्हिडिओ त्याला पाठवत राहा, दर रविवारी ठरलेल्या वेळी. फौजी माणूस ती वेळ चुकवत नाही आणि तुम्हीही चुकवू नका. पुढे भेट ठरली की ती सकाळी, फिरायच्या वेळेला ठेवा. दोघं थोडं चालून येतील, आणि निरोप घेताना नव्या घरच्या माणसाने ताटलीत खाणं वाढून ठेवलेलं असावं.